गावात किल्ला नाही, मग इतिहास कुठून सुरू करायचा?

राजापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. सहावी-सातवी मिळून एकोणीस मुले. गावाचा इतिहास मुलांकडून शोधून घ्यावा असे त्यांना मनापासून वाटते, पण गावात ना किल्ला, ना लेणे. सरपंच म्हणतात, "आमच्याकडे काय आहे सांगण्यासारखं?" एक वयस्कर गृहस्थ देवस्थानाची सगळी माहिती द्यायला तयार आहेत, पण पालखीच्या मानावरून गावात दोन तट पडलेत आणि प्रकरण कोर्टात आहे. बाई स्वतः मराठवाड्यातल्या, नोकरीसाठी इकडे आलेल्या. सुरुवात कुठून करावी, आणि काय टाळावे?

बाई, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आणि थोड्या रायगडातल्या शाळांबरोबर हेच काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्यातून एकच गोष्ट ठामपणे सांगेन: पहिला प्रश्न असा निवडा, ज्याचे उत्तर गावातल्या प्रत्येक घरात आहे.

देवस्थान, किल्ला, खोताचा वाडा यांची माहिती मोजक्या घरांकडे असते. त्यापासून सुरुवात केली की वर्गातली चार मुले बोलतात आणि उरलेली पंधरा ऐकतात. गावाचा इतिहास म्हणजे त्या चौघांच्या घरचा, हे त्या पंधरांच्या मनात कायमचे बसते. पुढे तुम्ही कितीही चांगले शिकवा, ते निघत नाही. त्यामुळे त्या गृहस्थांना आदराने सांगा की तुमच्याकडे आम्ही नंतर येऊ. आणि खरोखर नंतर जा.

माझा आवडता पहिला प्रश्न छपराचा. "तुमच्या घरावर कौल कधी चढलं? त्याआधी काय होतं?" हा प्रश्न वरच्या वाडीला विचारता येतो, मोहल्ल्यात विचारता येतो, बौद्धवाडीत विचारता येतो, खारव्यांच्या (मच्छीमारांच्या) घरी विचारता येतो. कोणालाही त्यात अडचण वाटत नाही आणि उत्तर देता येणार नाही असे घर सापडत नाही. आधी गवत किंवा भाताचा पेंढा, किनाऱ्यालगत नारळाची झापे, मग कुंभारांनी केलेली नळीची कौले, मग दक्षिणेकडून गलबतांतून आलेली मंगलोरी कौले, मग पत्रा, आता स्लॅब. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या बाजूला ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौले उडाली आणि कितीतरी घरांवर पत्रे आले. म्हणजे छपराच्या इतिहासाचा शेवटचा टप्पा त्या मुलांनी स्वतः पाहिलेला आहे.

मुलांना वाडीवार तक्ता करू द्या: घर, आधीचे छप्पर, बदलल्याचे साधारण साल. तक्ता भरला की तुम्ही काही बोलू नका, त्यांनाच बघू द्या. एका वाडीत कौले फार आधी चढलेली दिसतात, दुसरीत त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी. "असं का?" हा प्रश्न एखादे मूल विचारतेच. जमीन कोणाकडे होती, मुंबईचा पैसा कोणाकडे आधी आला, कोणाला कर्ज मिळत होते, हे सगळे त्या एका प्रश्नामागून येते. तक्ता मुलांनी स्वतः भरलेला असल्यामुळे त्यात कोणी कोणावर आरोप केला असेही होत नाही.

कौल हा पुरावा म्हणूनही उत्तम. परसात पडलेले जुने मंगलोरी कौल उलटे करून बघायला सांगा. मागच्या बाजूला कारखान्याचे नाव उठवलेले असते. काहींवर बासेल मिशन या युरोपातून आलेल्या ख्रिस्ती मिशनचे नाव आणि १८६५ हा आकडा सापडतो. मूल आनंदाने ओरडते, "आमचं घर १८६५ चं!" इथे थांबा, कारण यासारखा धडा पाठ्यपुस्तकात नाही. १८६५ हे मंगळूरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचे साल. त्या कौलाचे किंवा घराचे नव्हे. कारखाना पुढे कित्येक दशके तोच शिक्का मारत होता. वस्तूवर लिहिलेले सालसुद्धा "हे कशाचे साल?" असे विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, हे मुलांना हातात कौल धरून जितके पटते तितके फळ्यावर सांगून पटत नाही. साधनांचे भौतिक, लिखित, मौखिक असे प्रकार त्यांनी पुस्तकात वाचलेले असतातच. इथे तिन्ही एका अंगणात भेटतात.

आता साल कसे काढायचे ते सांगतो, कारण बहुतेक शिक्षक इथेच अडतात. आजीला "कोणत्या साली?" विचारले तर ती म्हणणार, "माका काय म्हायत नाय, तेंका इचारा," आणि आजोबांकडे बोट दाखवणार. सालाऐवजी खुंट्या द्या, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात राहिलेल्या घटना. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कौल होते का? (११ डिसेंबर १९६७, कोकणात तो ज्यांनी अनुभवला ते विसरलेले नाहीत.) गिरणी संपाच्या आधी की नंतर? (संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला.) कोकण रेल्वे धावायला लागली तेव्हा? (पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून.) खूप म्हाताऱ्या माणसांसाठी रामदास बोट: १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. खालच्या राजापूर-देवगडकडे ही आठवण रायगडाइतकी ठळक नसेल, तर तिथली स्थानिक खुंटी शोधा: गावात पहिली यष्टी आली ते वर्ष, पूल झाला ते वर्ष, वीज आली ते वर्ष. बायकांना स्वतःचे लग्न आणि मुलांचे जन्म ही सर्वांत पक्की खुंटी. "थोरल्याच्या वेळी पोटुशी होते तेव्हा पेंढाच होता" असे उत्तर आले आणि थोरल्याचे जन्मसाल शाळेच्या रजिस्टरात मिळाले की काम झाले.

मुलाखतीला मुलांना दोघा-दोघांनी पाठवा: एकाने विचारायचे, एकाने लिहायचे. दोघे वेगळ्या वाडीतले असतील तर उत्तम. "पूर्वी कसं होतं?" हा प्रश्न पूर्ण बंद करा. त्यावर "पूर्वी माणसं चांगली होती, आता काय राहिलंय" एवढेच मिळते. वस्तू, वाट, खाणे, काम यांबद्दल विचारले की माणूस बोलायला लागतो. लग्नाचे वऱ्हाड कशातून आले? पावसाळ्यात मीठ-मिरची कुठे ठेवायचात? मुंबईहून आलेले पत्र कोण वाचून दाखवायचे? आणि बोललेले जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगा. आजी मालवणीत बोलली तर मालवणीत, मोहल्ल्यातली चाची तिच्या कोकणीत बोलली तर तशीच. मुले घरी येऊन ते शुद्ध मराठीत उतरवायला बघतात आणि त्यात माणसाचा आवाज जातो, शिवाय अर्थही हलतो. तुम्ही बाहेरच्या आहात ही इथे तुमची जमेची बाजू आहे. तुम्हाला शब्द कळत नाहीत म्हणून मुलांना ते तुम्हाला समजावून सांगावे लागतात, आणि समजावताना ती स्वतः विचार करतात.

दुसरा विषय मी कायम मुंबईचा घेतो. कोकणातल्या कुठल्याही गावाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा निम्मा मुंबईत घडलेला आहे. गिरण्या, गोदी, पोलीस, म्युनिसिपालिटी, खानावळी, गावकऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या, गावाच्या मंडळाची वर्गणी. हे वगळून लिहिलेला गावाचा इतिहास अपुरा असतो. जनगणनेचे आकडे फळ्यावर लिहा: रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७; २०११ साली १६,१५,०६९. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. देशाची वाढत असताना इथली घटली. आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१०० हून अधिक स्त्रिया. मुलांना विचारा, पुरुष कुठे आहेत? प्रत्येकाला उत्तर माहीत आहे, कारण काका किंवा बाबा तिथेच असतात. आकडा आणि घर एकमेकांना जोडले जाणे हे मला फार मोलाचे वाटते.

यासाठी तुमच्या शाळेतच खजिना आहे: जनरल रजिस्टर. जुन्या शाळा असतील तर ते शंभर वर्षांच्या मागे जाते. दाखल झाल्याची तारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. कारणाच्या रकान्यात "मुंबईस गेला" किती वेळा येते ते दशकवार मोजा. मुली किती साली पटावर आल्या, कितवीत गळल्या, तेही मोजा. १९८२ नंतरची दोन-तीन वर्षे नीट बघा. एका शाळेत आम्हाला त्या काळात मुंबईच्या म्युनिसिपल शाळांतून नाव कमी करून आलेल्या मुलांची सलग रांग दिसली. संपाबद्दल गावात कोणी फारसे बोलत नव्हते, पण रजिस्टर दाखवल्यावर बोलायला लागले. परत आलेल्यांनी काय केले, कोण बोटीवर गेले, कोणी कलमे लावली, कोण पुन्हा मुंबईला गेले, हे सगळे बाहेर आले.

रजिस्टर मुलांच्या हातात मात्र देऊ नका. त्यात जात आहे, आजच्या माणसांच्या खासगी गोष्टी आहेत. मुख्याध्यापकांच्या परवानगीने तुम्ही नावे आणि जाती वगळून फक्त साल, इयत्ता, आधीचे ठिकाण आणि कारण एवढे उतरवा आणि तो कागद वर्गात द्या. हे काम कंटाळवाणे आहे, पण करायलाच हवे.

मुंबईची वाट हाही त्यातलाच भाग. रस्ता आणि रेल्वे येण्याआधी ही किनारपट्टी आगबोटीने मुंबईशी जोडलेली होती: हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसे पडावातून (लहान होडीतून) उतरायची, आणि पावसाळ्यात सेवा बंद. पावसाळ्यात मुंबईला कोणी आजारी पडले तर काय, असा प्रश्न एका सातवीतल्या मुलीने विचारला होता. त्याचे उत्तर शोधताना घाट चढून जाणाऱ्या वाटा, तार, शोकपत्र, दहाव्यानंतर पोचलेला मुलगा, असे इतके मिळाले की त्या वर्गाने तेवढ्यावरच दोन महिने काम केले. अशी वाट फुटली की आपले नियोजन बाजूला ठेवावे.

आता अवघड भाग. छप्पर असो की मुंबई, दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला जमीन येते, आणि कोकणात जमीन आली की खोती येते. हा विषय टाळून कोकणातल्या गावाचा इतिहास शिकवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांना आधी व्यवस्था समजवा: खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा, कुठे अर्धेल (निम्मा), कुठे तिर्धेल (तिसरा हिस्सा), शिवाय वेठ. १८८० च्या खोती कायद्याने ती चौकटीत बसवली. अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी पेरल्या नाहीत. इतका लांबलेला शेतकऱ्यांचा संप तुम्हाला सहज दुसरा सापडणार नाही. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. मग कूळकायद्याचा १ एप्रिल १९५७ हा दिवस, ज्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक ठरली, आणि त्यानंतरची '३२ ग'ची (कुळाने द्यायची जमिनीची किंमत ठरवणाऱ्या कलमाची) प्रकरणे, जी कित्येक घरांत अजून कागदांच्या पिशवीत आहेत.

इथे दोन पथ्ये पाळा. एक, आज चालू असलेल्या कुठल्याही जमिनीच्या वादाचे कागद वर्गात आणायचे नाहीत. सातबारा मागायचाच नाही. माहिती "आपल्या तालुक्यात, त्या काळी" अशा पातळीवर ठेवा आणि घरातून फक्त कामाबद्दल विचारा: भात झोडल्यावर वाटा कुठे मोजायचे, कोण मोजायचे, किती उरायचे, पावसाळ्यात काय खायचात. दुसरे, वर्गात खोताच्या घरातले मूल असेल आणि कुळाच्या घरातलेही असेल. दोघांपैकी कोणालाही आपल्या आजोबांच्या वतीने उत्तर द्यायला उभे करू नका. बारा वर्षांचे मूल त्या व्यवस्थेचे जबाबदार नाही आणि तिचा साक्षीदारही नाही. हे पहिल्याच दिवशी वर्गात मोठ्याने सांगा.

अस्पृश्यतेबद्दलही तेच. विहिरीचा विषय घेतलात तर पाणी कोणाला कुठून मिळे हे येणारच. एखाद्या आजीने "आम्हाला शाळेत बाहेर बसवायचे" असे सांगितले, तर ते कसे वापरायचे हे तिलाच विचारा: वर्गात वाचले तर चालेल का, नाव घालायचे का. तिने नको म्हटले तर तो कागद तिला परत. तिने हो म्हटले तर तो पूर्ण वाचा, मऊ करून नको. मग महाडला या: १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला, तरी चवदार तळ्यावर जाऊन पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत इतकी वर्षे का गेली, याची चर्चा सातवीची मुले फार प्रामाणिकपणे करतात. ते पाहून मला दरवेळी धीर येतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तुमच्या गावातल्या वाडीचे नाव बदलले का, लोक तोंडाने कोणते नाव घेतात, हेही विचारता येईल.

देवस्थानाकडे यायचेच तर मान कोणाचा हे सोडून या. देवराईत कोणती झाडे आहेत आणि ती कोणी तोडत का नाही. शिमग्यात ढोल कोण वाजवते आणि कोणी शिकवले. नमन-खेळ्यांची किंवा दशावताराची मंडळी कुठून येतात. कोर्टात जे आहे ते कोर्टात राहू द्या.

किल्ले आणि थोर माणसे यांवर मी फार वेळ घालवत नाही, कारण त्याची सोय पाठ्यपुस्तकात आहे. थोर माणसांची यादी भिंतीवर असेल तर तिच्यातून एक प्रश्न काढा. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेले. नकाशावर ती वाट काढा, घाट कोणता, मुक्काम कुठे पडला असेल ते अदमासा. यादीतली एवढी माणसे कोकण सोडून का गेली, हे तिथून सुरू होते.

तुमच्या भागात विजयदुर्गाबद्दल मुले हमखास सांगतील की तिथे हेलियमचा शोध लागला. ग्रहण बघायला साहेबाने बांधले म्हणून किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतातही. पडताळायला चांगला विषय आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण झाले हे पक्के. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी ते गुंटूरहून पाहिले. आणि ज्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांचे नाव विजयदुर्गाशी जोडतात त्यांनी आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून केले. मग ओटे कशाचे? कथा कधीपासून सांगितली जाते? मुलांना "खोटं आहे" असे सांगून मोकळे होऊ नका. सांगीव गोष्टीलाही वय असते आणि ते शोधता येते.

गावात काही नाही म्हणणाऱ्या सरपंचांबरोबर एकदा सड्यावर (गावावरच्या कातळाच्या पठारावर) फेरी मारा. तुमच्याच तालुक्यात बारसू आणि देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तालुक्यातल्याच कशेळीला तर हत्तीचे प्रचंड चित्र आहे. गुरे राखणाऱ्यांना ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पांडवांच्या नावावर. सापडले तर खडू फिरवू नका, पाणी ओतून घासू नका. फोटो काढा, जागा नोंदवा, तहसील कार्यालयाला आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

वेळेचे म्हणाल तर वेगळा तास मागू नका, मिळणार नाही. मुलाखत मराठीत बसते, तक्ता आणि आलेख गणितात, नकाशा भूगोलात. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, ते यासाठी वापरा. शिष्यवृत्तीची चिंता करणाऱ्या पालकांना मुलाने स्वतः लिहिलेली मुलाखत दाखवा. इतके सलग आणि चुकांविना लिहिलेले त्यांनी आधी पाहिलेले नसते. पहिल्या वर्षी प्रदर्शन भरवू नका. प्रदर्शन ठरले की मुले देखणे तेवढे ठेवतात आणि न जुळणारे काढून टाकतात. एक जाड वही करा, तीत प्रत्येक नोंदीखाली "कोणी सांगितले, कोणी लिहिले, कोणत्या दिवशी" हे असू द्या. दोन माणसांनी वेगळे सांगितले तर दोन्ही लिहा, एकाखाली एक. ती वही पुढच्या वर्षीच्या वर्गाला द्यायची.

सुरुवात गणपतीच्या सुट्टीपासून करा. चाकरमानी त्या दिवसांत घरी असतात आणि आरतीनंतर बोलायला मोकळे असतात. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्या, त्यावर तीनच प्रश्न: आपल्या घरातून मुंबईला पहिले कोण गेले? कशातून गेले? तेव्हा घरावर छप्पर कसले होते?